किलोला परत बोलवा

सुयोग धावतच हँगरमध्ये शिरला आणि कुणी अडवायच्या आत बोलून गेला, "नाना, सिएरा माझं आहे. दुपारच्या परीक्षेला. कॅप्टन स्वतः म्हणाले."

नाना सिएराच्या नाकाखाली पाटावर बसले होते. इंजिनावरची झाकणं काढून शेजारी सतरंजीवर मांडलेली, कपाळाला टॉर्चचा पट्टा, हातात चिंधी. ते वळले नाहीत. एकेक बोट पुसत राहिले.

"तुला कुणी विचारलं होतं?"

"नाही, पण..."

"मग चालू लाग."

सुयोगचा चेहरा उतरला. मी त्यांचा चहा घेऊन दारात उभी होते. मला वाटलं, एवढं तोडून बोलायची गरज नव्हती. दोन वर्षं पोरगा या दिवसाची वाट बघत होता. रमजानभाईंनाही तसंच वाटलं असावं. ते नानांचे जुने जोडीदार, हँगरमध्ये नानांना उलट बोलायची मुभा असलेले एकटेच. सुयोग गेल्यावर ते म्हणाले, "पोरगं खुशीत बोललं, साहेब. आता ऐकलं ते काय कानातून काढून टाकायचं?"

"तेच तर येत नाही ना," नाना म्हणाले आणि पुन्हा इंजिनाखाली वाकले.

मनमाडच्या पलीकडं खडकमाळला विमान चालवायला शिकवणारी एक छोटी संस्था होती. एक धावपट्टी, एक हँगर, कौलारू ऑफिस आणि दोन माणसं बसतील एवढी तीन विमानं. प्रत्येकाच्या शेपटीवर नोंदणीची अक्षरं असत. शेवटचं अक्षर रेडिओवर ज्या शब्दानं उच्चारतात, तेच त्याचं नाव : रोमिओ, किलो, सिएरा. नाना, म्हणजे आमचे वडील प्रभाकर खैरनार, हवाई दलातून आल्यापासून तिथं विमानं तपासायचं काम करत. त्यांची सही झाल्याशिवाय कुठलंही विमान हँगरच्या बाहेर जात नसे. सुयोग, माझा धाकटा भाऊ, तिथंच शिकत होता. मी बी. ए. होऊन ऑफिसात बसत असे. हजेरी, फी, टपाल, आणि भिंतीवरचा फळा.

त्या फळ्याची एक रीत होती. डाव्या बाजूला मी विमानांची नावं लिहायची, उजव्या बाजूला त्यात बसणाऱ्या विद्यार्थ्यांची. पण नानांची सही होईपर्यंत उजवी बाजू कोरी ठेवायची. ही रीत नानांनीच घातलेली. तपासणाऱ्याला आत कोण बसणार हे माहीत नसावं, यंत्राकडं यंत्र म्हणून बघावं, असं ते म्हणत. संस्था चालवणाऱ्या कॅप्टन इनामदारांनाही ती पटलेली होती. त्यांनी ती मुद्दाम मोडली असं नाही. सकाळी नाश्त्याला सुयोग समोर बसला होता, खूप घाबरलेला दिसत होता, म्हणून त्यांनी त्याला धीर द्यायला सांगून टाकलं.

नाना गेल्या भाद्रपदात गेले. भेटायला येणारे त्या दिवसाची गोष्ट हटकून काढतात आणि त्यांच्या परीनं ती चांगलीच सांगतात. नाना हयात असताना त्यांच्यासमोर ती कुणाला सांगता येत नसे. कुणी सुरुवात केली की ते उठून पाणी प्यायला जात. म्हणून मी ती जशी घडली तशी सांगते.

पौष लागला होता. आमच्या भागात त्या दिवसांत सकाळी नळाचं पाणी हाताला चावतं. आदल्या आठवड्यात दिल्लीहून, विमान खात्याकडून, हुकूम आला होता. परदेशात कुठंतरी याच जातीच्या विमानाचं इंजिन उडता उडता जागचं हललं होतं. या विमानाचं इंजिन पोलादी नळ्यांच्या एका सांगाड्यात धरलेलं असतं. त्याला माउंट म्हणतात. तो सांगाडा बोल्टांनी विमानाच्या अंगाला जोडलेला असतो. त्या नळ्यांचे जोड तडकू शकतात, तेव्हा जोड तपासल्याशिवाय एकही उड्डाण करू नये, असा तो हुकूम. जोड गेला तर इंजिन लोंबतं. इंजिन सुटलं तर विमानाचा तोलच जातो, आणि मग आत बसलेल्या माणसाच्या हातात काही उरत नाही. हे मला नानांनी जेवताना सांगितलं होतं, वरणात भात कालवत, नेहमीच्या आवाजात.

तपासायची पद्धत साधी होती. जोडावरचा रंग खरवडून काढायचा, जागा स्वच्छ करायची, तिथं लाल डाय, म्हणजे झिरपणारा पातळ रंग, लावायचा आणि तो मुरू द्यायचा. मग वरचा डाय पुसून टाकायचा आणि पांढरी पावडर फवारायची. तडा असेल तर आत मुरलेला डाय पावडरीवर उमटतो, लाल रेघ होऊन. तडा नसेल तर पांढरं ते पांढरंच राहतं. डाय कमीत कमी किती वेळ मुरू द्यायचा ते हुकमासोबतच्या कागदात दिलेलं असतं.

हुकूम आला आणि तिन्ही विमानं जमिनीवर बसली. डाय मुंबईहून यायचा होता, तो यायला वेळ लागला आणि तपासणी त्या दिवसापर्यंत लांबली. तिकडं परीक्षक नेमके त्याच दिवशी यायचे ठरलेले. ते एकदा गेले की पुन्हा कधी येतील याचा नेम नसे. परीक्षेला दोघं होते, सुयोग आणि जळगावची तेजल वाणी. तेजलची एकटीनं करायची लांबची फेरी अजून राहिली होती. ती झाल्याशिवाय तिला परीक्षेला बसता येत नव्हतं. त्यामुळं कॅप्टन सकाळपासून हँगरच्या दारात येऊन घसा खाकरून जात होते. ते बोलत काही नव्हते. नानांना घाई करायची कुणाची छाती नव्हती. पण खाकरणं खाकरणंच असतं.

नानांनी भल्या सकाळी रोमिओ तपासलं, मग किलो. दोन्ही पांढरी राहिली. नानांनी सह्या केल्या. मी फळ्यावर किलोपुढं तेजलचं नाव लिहिलं. ती नकाशा काखेत मारून गेली, जाताना मला म्हणाली, "ताई, माझ्या वाटणीचे पोहे ठेवा, सुयोगच्या हाती लागू देऊ नका." मग किलो धावपट्टीवरून उठलं आणि डोंगराच्या बाजूला बारीक होत गेलं.

त्यानंतर सिएराची पाळी आली, आणि सुयोग धावत आला.

मी चहाचा कप खाली ठेवला आणि जरा रेंगाळले. ऑफिसात फार काम नव्हतं. नानांनी डाय लावला होता. ते पाटावर तसेच बसून राहिले, हात गुडघ्यांवर, नजर जोडावर. काही वेळानं रमजानभाई म्हणाले, "झाला वेळ, साहेब. पुसू?"

"थांब."

रमजानभाईंनी बिडी काढली. हँगरमध्ये ओढता येत नसे, म्हणून ती नुसतीच बोटांत फिरवत राहिले. चहावर साय धरली. पुन्हा ते म्हणाले, "साहेब, कागदात दिल्याच्या वरती गेलो आपण. कॅप्टनचा घसा बसेल खाकरून खाकरून."

"बसू दे."

मला हसू आलं. नाना हसले नाहीत. बऱ्याच वेळानं त्यांनी चिंधी मागितली, डाय पुसला आणि पावडर मारली. जोड पांढराफेक झाला. आम्ही तिघंही वाकून बघत होतो. काही दिसत नव्हतं. रमजानभाई "चला" म्हणून कमरेवर हात ठेवून उठलेसुद्धा. आणि मग खालच्या नळीच्या जोडाशी एक फिकट गुलाबी धागा दिसायला लागला. मला आधी वाटलं, चिंधीचा दोरा चिकटलाय. तो हळूहळू लाल झाला. केसाएवढा. पण होता.

रमजानभाई पुन्हा खाली बसले.

मी वाट बघत होते की नाना आता निःश्वास टाकतील. सुयोगला विमान बदलून घ्यावं लागेल, पण सापडलं तर खरं, तो आत बसायच्या आधी सापडलं. नानांच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काही नव्हतं. ते उठले, हँगरच्या दारापर्यंत गेले, उन्हात हात धरून बघितला. मग परत आले आणि सिएराच्या नळीवर तळवा ठेवला.

"रमजान, सकाळी किलोच्या वेळी गारठा किती होता?"

"लई. पाना हातात धरवत नव्हता."

"आणि पुसायला कधी घेतलं आपण?"

"कागदात दिलंय तेव्हा. तुम्ही घड्याळ बघूनच उठला की."

नाना निघाले. ते कधी धावत नसत. तेव्हाही धावले नाहीत. पण मी त्यांच्यामागं गेले तर मला गाठता येईना.

कॅप्टन इनामदार रेडिओच्या खोलीत होते. दारातूनच नाना म्हणाले, "किलोला परत बोलवा."

कॅप्टननी मान वर केली. काय झालं, असं त्यांनी विचारलं. नानांनी सिएराचा तडा सांगितला. कॅप्टन म्हणाले की वाईट झालं, पण वेळेत कळलं हे चांगलंच, सुयोगला रोमिओ देऊ.

"रोमिओही नको. माझी सही रद्द समजा. दोन्ही विमानांवरची."

"खैरनार, तुम्ही स्वतः तपासलंय सकाळी. दोन्हीत काही सापडलं नाही."

"सकाळी गारठा होता. गारठ्यात डाय मुरायला जास्त वेळ लागतो. मी तो दिला नाही."

"नियमाइतका दिला ना?"

"नियमाइतका दिला."

"मग?"

नानांनी रेडिओकडं बोट दाखवलं. कॅप्टन सहसा आवाज चढवत नसत. आताही चढवला नाही. त्यांनी बटण दाबलं आणि नेहमीच्या इंग्रजीत किलोला हाक दिली. तेजलचा आवाज आला, खरखर होती पण स्वच्छ. ती डोंगर ओलांडून पलीकडं पोचली होती. कॅप्टननी तिला परत फिरायला सांगितलं. इकडं वारा बदलतोय, म्हणाले. इथं तर वारा अगदी शांत आहे, असं तिनं कळवलं.

नाना म्हणाले, "तिला खरं सांगा."

कॅप्टननी बटणावरचं बोट काढलं. "एकटी आहे ती. घाबरेल."

"खोटं सांगितलं तर ती नेहमीसारखी येईल. नेहमीसारखं यायचं नाहीये तिला."

आणि नानांनी हात पुढं केला. कॅप्टननी माइक दिला. रेडिओवर इंग्रजीतच बोलायची शिस्त होती, आणि ती मोडणाऱ्याला नाना स्वतः झापत असत. त्या दिवशी ते मराठीत बोलले.

"तेजल, मी खैरनार बोलतोय. हँगरमधून. पायाखाली काही वेगळं जाणवतंय का?"

बराच वेळ नुसती खरखर. मग ती म्हणाली, "थोडी थरथर आहे, सर. मला वाटलं, माझेच पाय थरथरताहेत."

"कधीपासून?"

"डोंगर ओलांडल्यापासून."

नानांनी डोळे मिटले. आवाजात मात्र काही येऊ दिलं नाही. इंजिनाच्या सांगाड्याला तडा असू शकतो, असं त्यांनी तिला सांगितलं. असेलच असं नाही, पण आहे असं धरून यायचं. इंजिनाचा जोर कमी ठेव. वळण मोठं घे, एकदम काही करू नकोस. उंची जपून वापर. थरथर वाढली तर धावपट्टीची वाट बघू नकोस, खाली मोकळं रान बघ आणि उतर. "विमानाचं काय होईल ते होऊ दे. समजलं?"

"समजलं, सर."

पुन्हा खरखर. मग तिचा आवाज, जरा लहान झालेला.

"सर, सकाळी तुम्हीच तपासलं होतं ना?"

कॅप्टन खिडकीबाहेर बघायला लागले.

"हो," नाना म्हणाले. "मीच तपासलं होतं."

त्यानंतर वाट बघण्याखेरीज कुणाच्या हातात काही नव्हतं. मी आयुष्यात पुढं आणखी काही वेळा अशी वाट पाहिली, दवाखान्यांच्या बाकांवर. पण वाट बघणं म्हणजे काय ते मला त्या खोलीत पहिल्यांदा कळलं. नाना माइक हातात घेऊन उभे होते. मधून मधून ते तिला एवढंच विचारत, "आहे का तेवढीच?" आणि ती सांगे, "तेवढीच आहे." एकदा ती म्हणाली, "थोडी जास्त." नाना म्हणाले, "जोर आणखी जरा कमी कर. खाली काय दिसतंय?" तिनं सांगितलं, कांद्याची शेतं. नाना म्हणाले, "चांगलं आहे. मऊ आहे." जणू ती कुठल्या गावाला गादीवर झोपायला निघाली होती.

बाहेर सुयोग आणि रमजानभाईंनी आग विझवायची नळकांडी जीपमध्ये चढवली होती. परीक्षक येऊन पोचले होते. त्यांना कुणी खुर्ची दिली की नाही मला आठवत नाही. सुयोग जीपच्या बॉनेटला टेकून डोंगराकडं बघत होता. त्याच्या परीक्षेचं त्यानं तेव्हा मला काही विचारलं नाही. पुढंही कधी नाही.

मग रमजानभाईंनी हात वर केला. त्यांचे कान पहिल्यापासून तिखट. मला काहीच ऐकू येत नव्हतं. नंतर एक ठिपका दिसला, नेहमीपेक्षा खूप हळू सरकणारा. तो मोठा होईना, नुसता लोंबकळत राहिला. धावपट्टीच्या सरळ रेषेत येईपर्यंत तिनं इतकं मोठं वळण घेतलं की एकदा वाटलं, ती निघूनच चालली. इंजिनाचा आवाज जवळजवळ नव्हता. नानांनी माइक खाली ठेवला. "आता तिच्याशी बोलायचं नाही," ते म्हणाले, कुणालाही उद्देशून नाही.

चाकं टेकली. एकदा उसळली, पुन्हा टेकली. किलो धावपट्टीच्या मध्यावरच थांबलं आणि पंखा बंद झाला.

आम्ही पोचलो तेव्हा तेजल आतच बसून होती. दार उघडल्यावर म्हणाली, "उतरते, पण पाय माझे राहिले नाहीत." सुयोगनं तिला हात दिला. ती खाली उतरली आणि सरळ डांबरावर बसली. मला म्हणाली, "ताई, पोहे?" आणि मग रडायला लागली.

किलो हातानं ढकलत हँगरमध्ये आणलं. नानांनी कुणाला जवळ बोलावलं नाही, अडवलंही नाही. झाकणं काढली, जागा साफ केली, डाय लावला आणि बसून राहिले. सगळी संस्था त्यांच्या मागं उभी होती, परीक्षक धरून. पुसून पावडर मारल्यावर फार थांबावं लागलं नाही. खालच्या जोडाला लाल रेघ उमटली आणि नळीच्या अंगानं पुढं पुढं जात राहिली. सिएराची केसाएवढी होती. ही अर्ध्या नळीला वळसा घालून थांबली.

कॅप्टननी नानांच्या खांद्याला हात लावला. म्हणाले, "खैरनार, तुम्ही नसता तर..." नानांनी तो हात हळूच बाजूला केला.

दुपारनंतर बातमी पसरली. परीक्षक दिल्लीला फोन करून आले आणि नानांशी हस्तांदोलन करून म्हणाले की असा माणूस प्रत्येक हँगरमध्ये हवा. कोण कोण येऊन गेलं. नानांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, सकाळी माझंच चुकलं होतं. लोकांना तो विनय वाटला.

दिवेलागणीला आमच्या क्वार्टरसमोर गाडी थांबली. तेजलचे वडील जळगावहून आले होते. रमाकांत वाणी, तिथल्या बाजारात कापडाचं मोठं दुकान, अंगानं भरलेले, बोलताना धाप लागणारे. तेजल मागं उभी होती. त्यांच्या हातात पेढ्यांचा डबा होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि एकदम खाली वाकून नानांच्या पायांना हात लावला.

नाना मागं सरले. "वाणीशेठ, बसा. आधी ऐका."

"ऐकायचं काय त्यात? एकुलती एक पोर आहे."

"म्हणूनच."

ते बसले. आईनं पाणी आणून दिलं. सुयोग आतल्या दाराशी उभा होता. नाना खुर्चीच्या कडेवर बसले आणि जमिनीकडं बघत बोलले. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"सकाळी तुमच्या मुलीचं विमान तपासलं, तेव्हा कागदात दिला होता तेवढा वेळ बसलो आणि घड्याळ बघून उठलो. बोटं गारठली होती, कॅप्टन दारात होते. गारठ्यात तेवढा वेळ पुरत नाही हे मला माहीत आहे. आजच कळलं असं नाही, आधीपासून माहीत आहे. पण सही करायला तेवढं पुरत होतं. नंतर तिसरं विमान घेतलं. त्यात माझा मुलगा बसणार हे तेवढ्यात मला कळलं होतं. आणि मग मी उठलोच नाही. रमजान दोनदा उठा म्हणाला. माझ्यानं उठवेना. म्हणून त्यातला तडा सापडला. तुमची मुलगी परत आली ती माझ्या हुशारीनं नाही. माझ्या मुलापायी मी जादा वेळ बसलो, म्हणून."

सुयोगनं दाराची चौकट धरली होती. सकाळी नाना त्याच्यावर का चिडले होते ते मला तेव्हा कळलं. ते त्याच्यावर चिडलेच नव्हते.

वाणीशेठांनी हातातला पाण्याचा पेला गुडघ्यावर टेकवला आणि म्हणाले, "म्हणजे माझ्या पोरीला नियमात होतं तेवढं दिलंत."

"हो."

"मग चुकलं कुठं तुमचं?"

"तेवढंच दिलं, हे चुकलं."

त्यांनी पेला खाली ठेवला. "हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी पेढे देऊन गेलो असतो. आयुष्यभर तुमचं नाव घेतलं असतं." त्यांचा आवाज चढला नाही, पण धाप वाढली. "आता हिला इथं कुणाच्या भरवशावर ठेवू, सांगा. रोज सकाळी दुकानात बसून मी काय विचार करायचा? की आज माझ्या पोरीचं विमान कुणी किती वेळ बघितलं?"

"उद्या सकाळी सामान बांध," वाणीशेठ मुलीला म्हणाले. "घरी चल."

तेजल वडिलांकडं बघत नव्हती. ती नानांना म्हणाली, "सर, रोमिओ राहिलंय ना अजून? उद्या बघणार?"

"हो."

"मला बघायचंय."

"तुला सांगितलं ना, उद्या निघायचंय," वडील म्हणाले.

"बघून निघू, पप्पा."

ते उठले आणि गेले. डबा टेबलावरच राहिला. आईनं तो फडताळात ठेवला आणि त्याला आमच्यातलं कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिस उघडत होते, तेव्हा नाना हँगरकडं जाता जाता खिडकीशी थांबले. म्हणाले, "फळ्यावर रोमिओपुढं नाव लिही. तेजल वाणी."

"नाना, अजून सही झालेली नाही. आणि ती तर निघालीय."

"लिही. आणि यापुढं रोज मी येण्याआधी लिहीत जा. कोण, कुठला, सगळं."

मी लिहिलं. मग मलाही राहवेना. ऑफिसला कडी घालून मी हँगरमध्ये गेले.

गारठा आदल्या दिवसापेक्षा जास्त होता. नाना पाटावर बसले होते, तेजल त्यांच्या शेजारी उकिडवी. आणि थोडं मागं, स्टुलावर, शाल कानावरून गुंडाळून वाणीशेठ. त्यांची गाडी दारात उभी होती, टपावर तेजलची वळकटी आणि ट्रंक बांधलेली. त्यांनी नानांना नमस्कारसुद्धा केलेला दिसत नव्हता. मान पुढं काढून ते इंजिनाकडं बघत होते. आपली पोर ज्याच्या जोरावर आभाळात जाते ते यंत्र त्यांनी बहुधा पहिल्यांदाच उघडं पाहिलं असावं.

डाय लावून झाला होता. नाना तेजलला काहीबाही विचारत होते. जळगावचं घर कुठल्या आळीत, आजी आहे का, दुकानात कोण कोण बसतं. ती उत्तरं देत होती. एकदा ती म्हणाली की पप्पांनी हिशेबाला बसवलं तर मी सगळं दुकान बुडवीन, तेव्हा मागून वाणीशेठ पुटपुटले, "बुडवीलच." रमजानभाई तोंडाला चिंधी लावून हसले.

मग ते नेहमीप्रमाणं म्हणाले, "वेळ झाला, साहेब. पुसू?"

नानांनी घड्याळाकडं बघितलं नाही. मान वळवून वाणीशेठांकडं बघितलं. त्यांना काही विचारलंही नाही, नुसतं बघितलं.

वाणीशेठ उठले. मला वाटलं, निघाले. त्यांनी स्टूल उचललं, दोन पावलं पुढं येऊन नानांच्या बाजूला ठेवलं आणि त्यावर बसले. शाल सावरली.

"मला घाई नाही," ते म्हणाले. "बसू या अजून."